टाळाचं तांबं कुठल्या ताऱ्यातलं?

देहूतून तळवड्याकडे किंवा चाकणकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना लोखंडाचंच राज्य. शेडमध्ये लेथ फिरत असतात, दाराशी निळसर झाक आलेल्या पिळदार स्क्रॅपचे ढीग पडलेले असतात आणि भंगारवाल्याचा टेम्पो ते वजनावर उचलून नेतो. इथे कुणालाही विचारा, लोखंड कुठे तयार होतं? भट्टीत. धंद्यापुरतं उत्तर बरोबर आहे. पण भट्टीत लोखंडाचा एकही नवा अणू जन्माला येत नाही. खनिजात ऑक्सिजनला चिकटून बसलेलं लोखंड भट्टी मोकळं करते, एवढंच. दीड हजार अंशांच्या आसपास पोलादाचं पाणी होतं, पण अणूच्या केंद्रकाला त्याची झळही लागत नाही. केंद्रक बदलायचं तर तापमान कोटींच्या हिशेबात लागतं, आणि ते ताऱ्यांच्या पोटात मिळतं.

खरे गैरसमज याच्या पुढचे, आणि ते बहुधा शिकल्यासवरलेल्यांचे. ‘आपण सगळे ताऱ्यांच्या धुळीचे’ हे वाक्य आता भाषणांत हमखास येतं. अर्धं खरं आहे. इंद्रायणीच्या पाण्याचा एक रेणू घ्या. त्यातला ऑक्सिजन ताऱ्यांमधला, मुख्यतः सूर्याहून कितीतरी अवजड ताऱ्यांमधला. हायड्रोजनचे दोन अणू मात्र कुठल्याच ताऱ्याने घडवलेले नाहीत. हायड्रोजनचं केंद्रक सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वीच्या महास्फोटापासूनचं आहे. पहिल्या काही मिनिटांत त्याच्या जोडीला हेलियम आणि नावापुरतं लिथियम आलं, बस्स. आपल्या अंगातले अणू मोजले तर निम्म्याहून जास्त हायड्रोजनचे भरतात. लिथियमची गोष्ट तर उलटीच आहे. ताऱ्याच्या आतल्या उष्णतेत ते टिकतच नाही. विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांत जे लिथियम आहे, त्यातलं काही विश्वकिरणांनी अवकाशातल्या कार्बन-ऑक्सिजनच्या केंद्रकांचे तुकडे पाडून झालेलं आहे.

सूर्याच्या प्रकाशात लोखंडाच्या रेषा दिसतात, म्हणून सूर्य लोखंड बनवतो असंही काही जण धरून चालतात. नाही बनवत. तो दर सेकंदाला सुमारे 60 कोटी टन हायड्रोजनचं हेलियम करतो. फार पुढे कार्बन आणि ऑक्सिजनपर्यंत पोचेल आणि तिथेच थांबेल. त्याच्यातलं लोखंड वडिलोपार्जित आहे. सूर्य आणि पृथ्वी ज्या ढगातून जन्मली, त्यात ते आधीच्या अनेक पिढ्यांतल्या ताऱ्यांकडून आलेलं होतं.

हे सगळं समजावून सांगणाऱ्यांत एक नाव महाराष्ट्राला चांगलंच ओळखीचं आहे, पण वेगळ्या कारणासाठी. फ्रेड हॉईल म्हटलं की आपल्याला जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू आठवतात, आणि महास्फोट न मानणारा, बाजी हरलेला शास्त्रज्ञ. हा समज हॉईल यांच्यावर अन्याय करणारा आहे. विश्व कायम असंच आहे असं मानलं, तर मूलद्रव्यं महास्फोटात शिजली म्हणण्याची सोयच उरत नाही; ती ताऱ्यांतच शिजायला हवीत. हॉईल यांनी 1946 पासून त्याचा पाठपुरावा केला. हेलियमची तीन केंद्रकं जुळून कार्बन व्हायचा तर कार्बनच्या केंद्रकाची एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे, असं त्यांनी 1953 मध्ये कॅलिफोर्नियात जाऊन प्रयोगवाल्यांना सांगितलं. प्रयोगवाल्यांनी शोधलं, आणि ती जवळपास सांगितल्या जागी सापडली. 1957 मध्ये मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि हॉईल यांचा प्रबंध आला. आजही या विषयाचा पाया तोच मानतात. 1983 चं नोबेल चंद्रशेखर यांच्याबरोबर फाउलर यांना मिळालं, हॉईल यांना नाही. मला तो निर्णय आजही खटकतो.

आता लोखंड. शाळेतल्या चित्रात अवजड ताऱ्याचे थर दाखवलेले असतात, मधोमध लोखंडाचा गाभा. तारा फुटला की तो गाभा उधळतो आणि लोखंड सगळीकडे पसरतं, असं आपण समजतो. पण गाभा उधळत नाही, सेकंदभराच्या आत स्वतःतच कोसळतो आणि न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर होऊन बसतो. बाहेर पडतं ते वेगळं लोखंड. गाभ्याच्या वरच्या थरातून धक्क्याची लाट जाते, तिथलं सिलिकॉन क्षणात निकेल-56 होतं. या निकेलचं सहा दिवसांत निम्मं कोबाल्ट होतं आणि त्या कोबाल्टचं 77 दिवसांत निम्मं लोखंड. 1987 च्या फेब्रुवारीत शेजारच्या दीर्घिकेत फुटलेल्या ताऱ्याकडून या कोबाल्टचे गॅमा किरण पकडले गेले, तेव्हा हा हिशेब डोळ्यांदेखत पटला. शिवाय लेथवर कातलं जाणारं बरंचसं लोखंड अशा ताऱ्यांचं नाहीच. ते फुटलेल्या श्वेतबटूंचं, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांचं आहे. असा एकेक स्फोट सूर्याच्या निम्म्याहून अधिक वजनाचं लोखंड देऊन जातो.

‘लोखंडाच्या पुढचं सगळं स्फोटातच होतं’ हे तर पुस्तकांतही छापलेलं सापडतं. 1952 मध्ये पॉल मेरिल यांना काही तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या प्रकाशात टेक्निशियम दिसलं. त्याचा सर्वांत टिकाऊ प्रकारही सुमारे 42 लाख वर्षांत निम्मा होतो. ताऱ्याचं वय त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे ते तिथेच, शांतपणे, एकेक न्यूट्रॉन गिळत बनत होतं. वारीत वाजणारे टाळ काशाचे, म्हणजे तांबं आणि कथील. त्यातलं कथील बहुतांशी अशाच म्हाताऱ्या ताऱ्यांत सावकाश झालेलं, तर तांबं प्रामुख्याने अवजड ताऱ्यांतलं. एका टाळात दोन वेगळी कुळं.

सोन्याला मात्र घाई लागते. सेकंदभरात न्यूट्रॉनांचा भडिमार हवा. 17 ऑगस्ट 2017 ला सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याच्या गुरुत्वलहरी आल्या. त्या टकरीच्या रेडिओ लहरींचा माग काढणाऱ्या दुर्बिणींत आपली नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटीही होती. टकरीनंतरच्या प्रकाशात स्ट्रॉन्शियम ओळखता आलं. सोन्याची स्वतःची रेघ अजून कुणी वेगळी काढून दाखवलेली नाही; ते तिथे बनलं हा गणिताचा निष्कर्ष आहे, आणि भक्कम आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभारायला केंद्राने 2023 मध्ये मंजुरी दिली. ती चालू झाली की टक्कर आकाशात नेमकी कुठे झाली हे जास्त अचूक कळेल आणि चमक विझायच्या आत दुर्बिणी तिकडे वळवता येतील. सोन्याचा किती वाटा टकरींचा आणि किती विरळा सुपरनोव्हांचा, म्हणजे ताऱ्यांच्या स्फोटांचा, हे ठरायला अशा पुष्कळ घटना हव्यात. गुरुत्वलहरी आणि प्रकाश दोन्ही हाती लागलेली टक्कर आजवर 2017 ची ती एकच.