नाट्यपट व त्याचे पोटभेद : संग्राहकांसाठीं कांहीं खुणा

जुन्या चित्रपटांच्या जाहिराती, पुस्तिका व भित्तिपत्रकें आतां कागदपत्रांच्या संग्राहकांकडे येऊं लागलीं आहेत. बखर, महजर व तहनामा यांची वर्गवारी कशी करावी हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु ‘पौराणिक’, ‘सामाजिक’ असे शिक्के धारण करणाऱ्या या नव्या कागदांविषयीं घोटाळा होण्याचा संभव फार. सबब नाट्यपट कशास म्हणावें व त्याचे पोटभेद कोणते, याचा खुलासा प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नाट्यपट म्हणजे रंगभूमीवरील नाटकाचें चित्रण नव्हे. ज्या चित्रपटांत माणसाचा दुसऱ्या माणसाशीं, रूढीशीं, सत्तेशीं अगर स्वतःच्या मनाशीं चाललेला झगडा गंभीरपणें मांडिलेला असतो, तो नाट्यपट. हास्यपटांतही झगडा असतो, पण तो हंसविण्यासाठीं. साहसपटांत तो बाहुबळानें सुटतो. नाट्यपटांत मात्र तो निवडीनें सुटतो; पात्र काय राखतें व काय सोडतें, हें तेथें मुख्य. याचे पोटभेद दोन अंगांनीं पडतात : कथा कोठून घेतली हें एक, व झगडा कोणाशीं आहे हें दुसरें. पुस्तिकेवरील शिक्का बहुधा पहिलेंच अंग सांगतो; घोटाळ्याचें मूळ येथेंच आहे.

पहिला भेद पौराणिक. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ता. ३ मे १९१३ रोजीं मुंबईंत गिरगांवच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लागला. कथा पुराणांतील, परंतु झगडा सत्यवचन व संसार यांमधला, म्हणजे शुद्ध नाट्याचा. प्रभात कंपनीनें १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटासाठीं हीच कथा घेतली, तें याच कारणानें.

दुसरा भेद ऐतिहासिक. बाबुराव पेंटर यांचा ‘सिंहगड’ (१९२३) हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीवर आधारलेला होता. तेव्हां तो कादंबरीच्या वाचनाचा साक्षी आहे, तानाजीच्या काळाचा नव्हे. ऐतिहासिक चित्रपट ज्या सालीं निघाला त्या सालचें अस्सल साधन होय, हें संशोधकानें विसरूं नये. ‘रामशास्त्री’ (१९४४) हाही शिक्क्यानें ऐतिहासिक. परंतु त्याचा कणा म्हणजे न्यायाधीश व सत्ताधीश यांचा सामना. त्याची खरी भावकी ‘कोर्ट’ (२०१४) या मुंबईच्या न्यायालयावरील चित्रपटाशीं जुळते, दोहोंत सत्तर वर्षांचें अंतर असलें तरी.

तिसरा भेद संतपटांचा, व तो महाराष्ट्रांत विशेष फुलला. दामले व फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटास १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत मान मिळाला. त्यांत चमत्कार आहेत, पण भार आहे तो तुकोबा व आवली यांच्या संसारावर. घरांत दाणा नाहीं, मुलें भुकेलीं आहेत, आणि धनी विठ्ठलाच्या नांवांत रंगलेला. हें कौटुंबिक नाट्यच होय. याच्या आदल्या वर्षीं निघालेल्या ‘धर्मात्मा’ चित्रपटांत बालगंधर्वांनीं एकनाथांची भूमिका केली. त्याचें मूळ नांव ‘महात्मा’. तें परीक्षण मंडळाच्या हरकतीमुळें बदलावें लागलें. कथा सोळाव्या शतकांतील, पण अस्पृश्यतेचा प्रश्न त्या दिवसांतला ज्वलंत. तेव्हां त्यास केवळ ‘संतपट’ म्हणून बाजूस ठेवणें म्हणजे त्याची निम्मी साक्ष पुसणें होय.

चौथा भेद सामाजिक, व याच्याच शाखा पुष्कळ. पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ (१९२५) शेतकऱ्याच्या कर्जाचा. ‘कुंकू’ (१९३७) जरठ-कुमारी विवाहाचा. ‘शेजारी’ (१९४१) हिंदु-मुसलमान स्नेह्यांच्या दुराव्याचा. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ (१९५३) चित्रपटांत कौटुंबिक शाखा, तर अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून निघालेल्या ‘सिंहासन’ (१९७९) चित्रपटांत राजकीय शाखा ठळक दिसते. ज्यांत योगायोग व अश्रु यांचाच भर असतो, त्यास अतिनाट्य म्हणावें. तो निराळा भेद नसून मांडणीचा दोष अगर गुण आहे, व तो कोणत्याही शाखेंत आढळतो.

इतक्या बारकाव्याची गरज काय, असें कोणी विचारील. गरज ही कीं, मूळ वस्तूच राहिली नाहीं. जुनी फिल्म नायट्रेटची, म्हणजे भडकन् पेट घेणारी. शिवाय तींतील चांदीसाठीं ती वितळविली जाई. १९४८ सालच्या जाळपोळींत भालजी पेंढारकर यांचा कोल्हापूरचा स्टुडिओ गेला. जानेवारी २००३ मध्यें पुण्यांत नायट्रेट फिल्मांच्या सांठ्यास आग लागली. मूक ‘सावकारी पाश’ आज उपलब्ध नाहीं. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचें तेवढें राहिलें, आणि तेंही १९१७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचें असावें असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. अस्सल कोणतें व नक्कल कोणती, हा आपल्या दप्तरांतला जुनाच प्रश्न येथेंही उभा राहतो.

आतां कल्पना करूं कीं, एखाद्या संग्राहकास कांजूरमार्ग स्टेशनाजवळच्या रद्दींत मुखपृष्ठ नसलेली पुस्तिका सांपडली. तीत कथासार, नटांचीं नांवें व पदें आहेत. त्यानें प्रथम कथासाराचा शेवट वाचावा. झगडा कोणाशीं होता हें तेथें कळतें. मग नटांच्या नांवांवरून कंपनी व साल यांचा अदमास घ्यावा. छापखान्याचें नांव तळाशीं असल्यास टिपून ठेवावें. पदें कोणकोणत्या लिपींत छापिलीं आहेत तें पाहावें. त्यावरून प्रेक्षकवर्ग समजतो. नोंदींत दोन रकाने असावेत, एक कथेच्या उगमाचा व दुसरा झगड्याचा. पुस्तिकेवरचा शिक्का तिसऱ्या रकान्यांत जसाच्या तसा उतरावा. तो दुरुस्त करूं नये, कारण तोही त्या काळाचा पुरावा आहे.

चित्रपट जळाला म्हणजे त्याच्या मागें राहतें तें हें चार पानांचें चोपडें. त्यावर आपण जें नांव घालूं, तेंच पुढील अभ्यासकास खरें वाटणार. म्हणून रद्दींत जाणारीं असलीं चोपडीं ज्यांच्या हातीं येतील त्यांनीं तीं राखावीं, व राखतांना नीट लावून राखावीं, एवढीच आमची विनंती आहे.