दुसरी डुलकी
पेशीच्या आत : लेखांक ७

यवतमाळ जिल्ह्यात कॅन्सर म्हटलं की बोट आधी खर्र्याकडे जातं, आणि बहुतेक वेळा ते चुकत नाही. तंबाखूतली रसायनं गालाच्या आतल्या पेशीत टीपी-५३ या जनुकाची कशी मोडतोड करतात, ते आपण गेल्या लेखांकात पाहिलं. पण ती मोडतोड त्या गालापुरतीच. बापाने आयुष्यभर खर्रा चघळला म्हणून लेकीच्या अंगात बिघडलेलं जनुक उतरत नाही. आजचा विषय नेमका उलटा आहे : बिघाड बीजातूनच आलेला, मग व्यसन असो वा नसो. शंभरातले पाच ते दहा कॅन्सर असे असतात.

गाठ रोखणाऱ्या प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. तूर-हरभरा उभा असताना रानडुकरं आणि रोही शिरू नयेत म्हणून आपल्याकडे रात्रीची जागल करतात. मचाणावर दोघं असले तर एकाला डुलकी लागली तरी निभतं. पेशीतही दोन्ही प्रती निकामी झाल्याशिवाय वाढ बेबंद होत नाही. एकाच पेशीत दोन्हींवर घाव बसणं दुर्मीळ, त्याला सहसा वर्षं लागतात. पण एक प्रत जन्मतःच बिघडलेली असेल, तर अंगातल्या प्रत्येक शेतात एकच जागल्या उरतो.

हा हिशेब अल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत मांडला, तोही नुसत्या कागदांवरून. जनुक वाचायची सोय तेव्हा नव्हतीच. रेटिनोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर. तो झालेल्या ४८ मुलांच्या नोंदी त्यांनी पुढ्यात घेतल्या : निदान कितव्या महिन्यात झालं, एक डोळा की दोन्ही, घरात आधी कुणाला होता का. दोन्ही डोळ्यांचा आजार लवकर दिसत होता. एकाच डोळ्याचा, घरात कुणालाच नसलेला, उशिरा. पहिल्या गटातल्या मुलांना एकाच घावाची वाट पाहावी लागली होती, दुसऱ्यांना दोन घावांची. ते जनुक, आरबी-१, तेराव्या गुणसूत्रावर हाती लागलं ते १९८६ मध्ये.

इथे एक कोडं आहे, आणि मला ते या सगळ्या विषयातलं सर्वांत देखणं वाटतं. पेशीत बघाल तर एक चांगली प्रत पुरेशी असते. घराण्यात बघाल तर एकच बिघडलेली प्रत आजार घडवते, आणि ती पुढच्या मुलाकडे जायची शक्यता निम्मी. दोन्ही खरं कसं? संख्येमुळे. पडदा घडताना लाखो पेशी विभागतात, आणि एवढ्या शेतांत एकट्या जागल्याला कुठे ना कुठे डुलकी लागतेच. नुडसन यांच्या हिशेबात अशा बाळाच्या डोळ्यांत सरासरी तीन गाठी येत होत्या. पडद्याच्या पेशींचं विभाजन पहिल्या काही वर्षांत थांबतं, म्हणून हा आजार पाचव्या वर्षानंतर क्वचितच. बिघडलेली प्रत मात्र हाडांतही असतेच. या मुलांना पुढे वयात येताना हाडाचा कॅन्सर होऊ शकतो, आणि किरणोपचाराने तो धोका वाढतो. म्हणून डॉक्टर किरण टाळायला बघतात.

घरच्यांना हा आजार बहुधा मोबाइलच्या फोटोत भेटतो. फ्लॅशने एक बाहुली लाल आलेली, दुसरी पांढरी. ‘मांजरासारखा चमकतो’ असं आजी म्हणाली की हसून सोडू नका. त्याच आठवड्यात यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सेवाग्रामला किंवा नागपूरला डोळे दाखवा. पुढे मुंबईच्या टाटात जायचं झालं, तर धामणगावहून रेल्वे आणि दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा, ही वाट वऱ्हाडातल्या अनेक घरांना पाठ आहे.

स्तन आणि बीजकोशाच्या कॅन्सरमागची बीआरसीए-१ आणि २ ही जनुकंही याच हिशेबाने वागतात. पहिल्याचा पत्ता मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये सतराव्या गुणसूत्रावर लावला. टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रासारख्या ठिकाणी आनुवंशिक कॅन्सरची चौकशी होते, तेव्हा सुरुवात वंशावळीने होते : पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तो भरलेला. आपल्या घरांत नेमके हे गोल रिकामे राहतात. आजी ‘पोटाच्या दुखण्याने’ गेलेली असते. आत्याचं आडनाव बदललेलं, ती मोजलीच जात नाही. जनुक बापाकडूनही येतं, तो स्वतः ठणठणीत असला तरी. आणि घरात लग्नाची मुलगी असली की उरलेलंही गिळलं जातं. स्थळ हातचं जाईल ही भीती खरी आहे, पण त्या मुलीला नेमकी तीच माहिती हवी असते.

चाचणी आधी आजारी माणसाची करतात. त्याच्यातली चूक नेमकी सापडली की नातेवाइकांत तेवढीच शोधायची. आरबी-१ मध्ये चूक असलेल्या घरातल्या नव्या बाळाकडे ती आलेली नसेल, तर त्याला पुन्हापुन्हा भूल देऊन डोळे तपासत बसावं लागत नाही.

(पुढच्या आठवड्यात : अहवालावर ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आला तर?)