पिकअपचा दम कोंडतो तेव्हा

डोंगरकडा गावाच्या शिवारात केळीची काढणी सुरू झाली की पिकअपचा दिवस ठरलेला असतो. शेतात घड भरायचे, चिखलातून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये नांदेड–हिंगोली रस्त्यापर्यंत यायचं, उभ्या ट्रकात माल द्यायचा आणि पुन्हा शेतात जायचं. मध्ये गाडी उभी असली तरी इंजिन चालूच. दिवसभर राबूनही गाडी कधी नीट तापून लांब पळत नाही. दहा-बारा वर्षं जुन्या डिझेल पिकअपचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदायला यापेक्षा सोयीची परिस्थिती नाही.

लक्षणं हळूहळू येतात. उभी गाडी ठीक वाटते, पण लोड घेऊन चढ लागला की ओढत नाही. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबूनही इंजिन एका ठिकाणी अडकल्यासारखं होतं. अॅव्हरेज घटतं, काटा गरमकडे सरकतो, मागच्या नळीतून धुराचा जोर कमी लागतो. मालक आधी डिझेल फिल्टर बदलतो, मग नोझल काढून तपासून घेतो. सायलेन्सरकडे लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी.

हा कन्व्हर्टर म्हणजे स्टीलच्या डब्यात बसवलेली चिनी मातीसारख्या पदार्थाची वीट. तिच्यात मधाच्या पोळ्यासारखी आरपार बारीक छिद्रं असतात, एका चौरस इंचात कित्येक शे. छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम आणि पॅलेडियमचा अगदी पातळ थर असतो. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्यावर हा थर काम करू लागतो. धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन यांचं तो कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याच्या वाफेत रूपांतर करतो. काळी काजळी मात्र तिथं फारशी जळत नाही. ती नुसत्या उष्णतेनं जळायला ५५० ते ६०० अंश लागतात आणि चिखलातल्या फेऱ्यांत एवढं तापमान येत नाही. मग काजळी विटेच्या तोंडाशी बसते, तिच्यात इंजिन ऑइलची राख मिसळते आणि छिद्रं बुजत जातात. धुराला वाट मिळाली नाही की सिलिंडरमध्ये ताजी हवा पुरेशी शिरत नाही, टर्बोही मनासारखा फिरत नाही. गाडीला दम लागतो तो इथून.

मी इथं बीएस-४ आणि त्याआधीच्या डिझेल पिकअपबद्दल लिहितो आहे. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत काजळी अडवणारा वेगळा फिल्टर आणि बरेच सेन्सर असतात. तिथं कंपनीच्या स्कॅनरशिवाय हात घालू नये.

कन्व्हर्टर काढण्याआधी तो खरंच चोंदला आहे का ते पाहायचं. एअर फिल्टर उघडून बघा, कारण धुळीच्या रस्त्यावर तोच आधी भरतो. टर्बोकडून इंटरकूलरला जाणाऱ्या रबरी पाईपला चीर आहे का ते हात फिरवून तपासा. हे ठीक असेल तर गाडी थंड असताना कन्व्हर्टरच्या पुढचा, म्हणजे इंजिनाकडचा जोड थोडा सैल करा आणि थोडं अंतर चालवून पाहा. आवाज प्रचंड येईल, गरम वायूही बाहेर पडेल, म्हणून वायर आणि डिझेलची नळी त्या बाजूला नाही ना, हे आधी बघा. गाडीनं एकदम ओढ घेतली तर अडथळा त्या जोडाच्या मागे आहे हे नक्की. पण मागे सायलेन्सरही असतो. गाडी थंड झाली की डब्यावर रबरी हातोडीनं हलकं ठोका. आत खुळखुळ वाजलं तर वीट फुटली आहे, आणि तिचे तुकडे मागे सायलेन्सरमध्ये जाऊन अडकलेले असू शकतात.

आता या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कन्व्हर्टर आपणहून सहसा चोंदत नाही, त्याला कुणीतरी चोंदवतं. टपकणारं नोझल जास्त डिझेल टाकतं, टर्बोचं सील ऑइल गाळतं, धूर परत इंजिनात वळवणारा ईजीआर वाल्व्ह उघडा अडकून राहतो, किंवा झिजलेल्या रिंगांमधून ऑइल जळतं. ऑइलमधले फॉस्फरस आणि जस्त त्या मौल्यवान थरावर बसले की तो कायमचा निकामी होतो. म्हणून जुना डबा निघाला की विटेच्या तोंडाकडे टॉर्च मारून नीट बघा. कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी असेल तर नोझल, ईजीआर आणि हवेची वाट तपासा. ओलसर, चिकट काळेपणा असेल तर टर्बोचा पाईप काढून आत ऑइल साचलंय का, टर्बोचा शाफ्ट बोटानं हलतो का ते पाहा. वीट वितळल्यासारखी दिसली तर इंजिनात न जळलेलं इंधन बाहेर येऊन तिथं पेटत होतं. हे दुरुस्त न करता नवा कन्व्हर्टर बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. तोही चोंदणार.

काढण्याचं काम ताकदीपेक्षा सबुरीचं आहे. आदल्या रात्रीच नट-बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी गाडी सपाट जागी गिअरमध्ये उभी करा, चाकांना उटी लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, चासीखाली मजबूत स्टँड हवेतच. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क लावा, कारण गंजाची पापडी थेट तोंडावर पडते आणि फुटलेल्या विटेची भुकटी फुप्फुसाला वाईट. उष्णतारोधक पत्रा काढून जपून ठेवा. पाना सहा कोपऱ्यांचाच घ्या, गंजलेल्या नटाचे कोपरे दुसऱ्या पान्यानं गोल होतात. नट थोडा फिरून अडला तर जोर न करता परत आवळा, स्प्रे मारा, पुन्हा सोडवा. असं मागे-पुढे करत तो निघतो. नुसता जोर लावला तर स्टड फ्लँजच्या तोंडाशीच तुटतो आणि मग ड्रिल करून नवा आटा पाडत बसावं लागतं. गॅसनं तापवायची वेळ आलीच तर ते वेल्डरवर सोपवा, जवळच डिझेलची नळी असते.

जोड सुटण्याआधी मागचा पाईप तारेनं चासीला बांधून ठेवा, नाहीतर त्याचा सगळा भार जाळीदार लवचीक नळीवर येऊन ती फाटते. टांगणारी रबरं साबणाच्या पाण्यानं ओली केली की हातानं निघतात.

नवा भाग घेताना आरसी बुक सोबत न्या. एकाच नावाच्या पिकअपमध्ये वर्षागणिक इंजिन बदललेलं असतं आणि चासी नंबराशिवाय दुकानदारालाही खात्री नसते. बसवताना डब्यावरचा बाण धुराच्या दिशेनं, म्हणजे मागे हवा. गॅस्केट नवीच. सगळे नट आधी नुसते हातानं लावा, पाईप कुठे चासीला घासत नाही ना ते बघा, मग इंजिनाकडून मागे येत समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळा. उष्णतारोधक पत्रा परत लावलाच पाहिजे. हळदीचा पाला, तुराट्या, केळीची वाळलेली पानं यांवर गाडी उभी राहते आणि तापलेला डबा तिथं आग लावू शकतो. गाडी चालू केल्यावर सुरुवातीला थोडा वास आणि धूर येतो, तो डब्यावरच्या तेलाचा असतो. जोडांजवळ फसफस ऐकू येत नसेल तर काम झालं. चार दिवसांनी गाडी थंड असताना नट पुन्हा एकदा बघा.

एक सल्ला तुम्हाला हमखास मिळेल: वीट फोडून डबा पोकळ करा, खर्च वाचेल. तो मानू नका. डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराची दाटी मोजतात. बीएस-४ साठी मर्यादा १.६२, त्याआधीच्या गाड्यांसाठी २.४५. पोकळ डब्याची गाडीही त्यातून निघून जाईल, कारण कार्बन मोनॉक्साइड त्या यंत्राला दिसतच नाही. पण केळी भरताना चालू गाडीच्या मागे उभे असलेले मजूर तो दिवसभर श्वासातून घेतात. शिवाय कंपनीनं दिलेली ही यंत्रणा काढून टाकणं कायद्यातही बसत नाही.

निघालेला जुना डबा कुणाला फुकट देऊ नका. पुण्या-मुंबईकडे ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला गेल्याच्या तक्रारी झाल्या, त्या आतल्या याच धातूंपायी. वीट फुटलेली असली तरी धातू तिच्यातच असतो. भंगारात द्यायचाच तर भाव दोन ठिकाणी विचारा, पावती घ्या आणि ती नव्या कन्व्हर्टरच्या बिलाला जोडून ठेवा.