बी उगवलं नाही, आता काय तपासायचं?



पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी सोयाबीनच्या एका जुन्या लॉटची उगवण तपासत होतो. ओल्या जर्मिनेशन पेपरमध्ये शंभर बिया मांडल्या, रोल करून इन्क्युबेटरमध्ये ठेवला. आठव्या दिवशी उघडून मोजलं तर फक्त ३४ बिया उगवलेल्या. मी वहीत ‘उगवण ३४ टक्के’ लिहिलं आणि रोल कचऱ्यात टाकला. दुपारी गाईडनी वही पाहून एवढंच विचारलं, “उरलेल्या ६६ मेल्या होत्या की झोपल्या होत्या?”

मला उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर कचऱ्याच्या डब्यात होतं.

तुमच्यापैकी अनेक जण आता एमएस्सीचं डेझर्टेशन किंवा पीएचडीची तयारी करत असाल. पीक तुरीचं असो, टोमॅटोचं असो की एखाद्या जंगली झाडाचं, कधीतरी तुमचंही बी उगवणार नाही. त्या दिवशी काय करायचं, ते आज क्रमाने पाहू.

जून २०२० ची गोष्ट

मला खरं तर हे आधीच माहीत असायला हवं होतं. २०२० च्या जूनमध्ये मराठवाडा आणि विदर्भातून सोयाबीन उगवलं नाही अशा तक्रारींचा पूर आला होता. खासगी कंपन्यांचं बियाणं होतं, सरकारी महामंडळाचंही होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली. आधीच्या खरिपात, म्हणजे २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, काढणीच्या वेळी पाऊस झाला होता. शेंगेत भिजलेलं सोयाबीन बियाणं म्हणून कच्चंच राहतं.

तेव्हा लॉकडाऊन होता आणि मी उमरेड तालुक्यात मामाकडे होतो. मामाचा पहिला शब्द होता, “अर्धं वावर खाली आहे रे. बोगस बियाणं देलं!” पिशवीत थोडं बी उरलं होतं. आम्ही शंभर बिया ओल्या बारदान्यात गुंडाळल्या. सहाव्या दिवशी ७१ उगवल्या. प्रमाणित सोयाबीनसाठी किमान उगवणक्षमता ७० टक्के आहे. म्हणजे कागदावर बियाणं पास! मग वावरात काय झालं?

आम्ही एक तास हळूच उकरलं. बऱ्याच बियांना मूळ फुटलं होतं. कोंब वाकून वर आले होते, पण मातीच्या कडक पापुद्र्याखाली मोडले होते. पेरणीच्या रात्रीच जोराचा पाऊस झाला होता आणि नंतर तीन दिवस ऊन. काळ्या मातीवर अशी पापडी धरली की सोयाबीनची पंचाईत होते. गहू-ज्वारीचा कोंब सुईसारखा वर घुसतो. सोयाबीन मात्र कोंबाची कमान करून दोन जाड बीजदलं मातीतून वर ओढतं. पापडी कडक असेल तर कमान तुटते.

मामाला दुबार पेरणी करावी लागली. दुसऱ्यांदा बियाणं, दुसऱ्यांदा ट्रॅक्टरचं भाडं, आणि हंगामाचे दहा-बारा दिवस गेले ते वेगळेच. दोष बियाण्याचा की पेरणीचा, यावर भरपाई मिळणार की नाही हे ठरतं. म्हणून ‘उगवलं नाही’ एवढं वाक्य पुरत नाही. कुठल्या टप्प्यावर थांबलं, हे सांगता आलं पाहिजे.

उगवण कुठे कुठे अडते?

कोरडं बी आधी पाणी शोषून फुगतं. सोयाबीनला उगवायला स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मं पाणी लागतं. मग आतली यंत्रणा जागी होते, श्वसन वाढतं, साठवलेलं अन्न फुटायला लागतं. त्यानंतर मूळ टरफल फोडून बाहेर येतं, आणि शेवटी कोंब मातीबाहेर. यातल्या प्रत्येक पायरीवर बी अडकू शकतं आणि प्रत्येक ठिकाणचं कारण वेगळं असतं. म्हणून प्रश्नही त्याच क्रमाने विचारायचे.

पहिला प्रश्न: बी फुगलं का?

न उगवलेलं बी बोटात धरा. दगडासारखं, मूळ आकाराचंच असेल तर पाणी आत गेलेलंच नाही. शेंगवर्गीय पिकांत असं कठीण टरफलाचं बी सापडतं. अशा काही बियांचं टरफल पॉलिश पेपरने हलकं घासून पुन्हा मांडा. उगवल्या तर बी जिवंत होतं, दार तेवढं बंद होतं.

फुगलेलं असेल तर हलकं दाबा. टणक राहिलं तर ते जिवंत असण्याची शक्यता आहे. बोटाखाली पिचकलं, पाणी सुटलं, वास आला, बुरशी दिसली, तर मेलेलं. बियाणे चाचणीच्या नियमांत म्हणूनच निकाल पाच खान्यांत लिहितात: सामान्य रोपं, विकृत रोपं, कठीण बिया, ताज्या पण न उगवलेल्या बिया आणि मृत बिया. पाचांची बेरीज १०० यायला हवी. माझ्या वहीत एकच खाना होता.

दुसरा प्रश्न: जिवंत आहे का?

बोटाने अंदाज येतो, पुरावा मिळत नाही. पुराव्यासाठी टेट्राझोलियम चाचणी आहे. बी रात्रभर ओल्या कागदात ठेवायचं, टरफल काढायचं आणि टेट्राझोलियम क्लोराइडच्या द्रावणात काही तास अंधारात ठेवायचं. जिवंत पेशी श्वसन करतात, तिथे रंगहीन द्रावणाचं लाल फॉर्मेझान होतं. मेलेला भाग पांढरा राहतो.

इथे नवखे एक चूक हमखास करतात: लाल दिसलं की जिवंत म्हणून मोजतात. बीजदलं लाल आणि मुळाचं टोक पांढरं असेल तर ते बी उगवणार नाही. किती भाग रंगला यापेक्षा कोणता भाग रंगला ते पाहा.

तिसरा प्रश्न: मेलं असेल तर कशाने?

सोयाबीनमध्ये तीन संशयित नेहमीचे. एक, काढणीच्या वेळचा पाऊस आणि त्यासोबत आलेली बुरशी. दोन, मार. सोयाबीनचं टरफल पातळ असतं आणि मुळाचा अंकुर टरफलाला अगदी लागून असतो. मळणी यंत्र जोरात फिरलं किंवा पोती उंचावरून आपटली तर वरून धड दिसणारं बी आतून फुटलेलं असतं.

तीन, साठवण. हॅरिंग्टन या शास्त्रज्ञाचा ढोबळ नियम लक्षात ठेवा. बियांतला ओलावा १ टक्क्याने कमी केला की आयुष्य दुप्पट. तापमान ५ अंशांनी कमी केलं तरी दुप्पट. ओलावा १३ वरून ११ टक्क्यांवर आणला तर आयुष्य चौपट होतं. उलट २५ अंशांऐवजी ४० अंशांत ठेवलं तर आठवा हिस्सा उरतो. नागपूरचा मे महिना आणि टिनाचं गोदाम डोळ्यासमोर आणा. प्रयोगाचं बी टेबलाच्या खणात ठेवणाऱ्यांनीही हे आठवावं.

चौथा प्रश्न: जिवंत आहे, पण जोम आहे का?

मामाच्या बियाण्याचं कोडं इथे सुटतं. बारदान्यात बीला हवं ते सगळं मिळतं, वावरात मिळत नाही. दोन लॉटची उगवण सारखीच ७१ टक्के असेल, तरी जुना, थकलेला लॉट पापडीखाली आधी हरतो. जोम मोजायचा सोपा मार्ग म्हणजे विद्युतवाहकता. ५० बिया वजन करून २५० मिली डिस्टिल्ड पाण्यात २४ तास भिजवा आणि पाण्याची वाहकता मोजा. पेशींची आवरणं कमजोर असतील तर क्षार बाहेर झिरपतात आणि आकडा चढतो. हा आकडा एकटा बोलत नाही. शेजारी चांगल्या लॉटचा आकडा हवा.

पाचवा प्रश्न: कंट्रोल कुठे आहे?

ज्याची उगवण चांगली आहे हे पक्कं माहीत आहे, असं बी त्याच दिवशी, त्याच ट्रेमध्ये, त्याच पाण्याने लावा. तेही उगवलं नाही तर तुमचं बी निर्दोष असू शकतं. मग इन्क्युबेटरचं तापमान, जास्तीचं पाणी, खूप खोल पेरणी, खारं पाणी यांची चौकशी करा. सोयाबीन ३ ते ५ सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं की वर यायला धडपडतं. कंट्रोलशिवाय केलेला अयशस्वी प्रयोग काहीच शिकवत नाही.

शंभर बिया पुरतात का?

आता थोडं गणित. शंभरपैकी ७१ बिया उगवल्या, तर त्या लॉटची खरी उगवणक्षमता साधारण ६२ ते ८० टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. हा खेळ निव्वळ योगायोगाचा आहे, यात कुणाची चूक नाही. म्हणजे मामाचं बियाणं ७० च्या वर होतं की खाली, हे आमच्या बारदान्यातून ठरतच नव्हतं! ४०० बिया घेतल्या तर हीच मर्यादा साधारण ६७ ते ७५ पर्यंत आवळते. प्रयोगशाळेत १०० बियांचे चार संच का लावतात, ते इथे कळतं. आणि दहा बिया लावून सात उगवल्या, म्हणून ‘७० टक्के’ लिहिणाऱ्याचा खरा आकडा ४० ते ९० मध्ये कुठेही असतो. सिनॉप्सिस लिहिताना हे आधी ठरवा, नाहीतर व्हायव्हात कुणीतरी नक्की विचारेल.

घरच्या परीक्षेचा उपयोग नाही असं मात्र नाही. शंभरात ४० उगवल्या तर ते बियाणं पेरू नये, हे कळायला तेवढं पुरतं. ६० उगवल्या तर एकरी ३० किलोऐवजी ३५ किलो टाकावं, हा हिशेबही शेतकरी करतात.

टाकण्याआधी

शेतकऱ्याला सांगतात की पिशवी, टॅग, बिल आणि मूठभर बियाणं जपून ठेव. तालुक्याची तक्रार निवारण समिती पाहणीला येईल तेव्हा तोच पुरावा. आपल्यालाही तेच लागू आहे. लॉट क्रमांक, काढणीचा हंगाम, साठवणुकीची जागा, ओलावा, मांडणीची तारीख हे वहीत हवं. प्रत्येक लॉटमधलं थोडं बी हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये बाजूला ठेवा. मोजणीच्या दिवशी न उगवलेल्या बियांचा फोटो काढा, त्या दाबून, चिरून बघा, पाच खाने भरा. मग खुशाल टाका.

माझा तो प्रयोग मी पुन्हा लावला, या वेळी ४०० बिया. उगवण ३६ टक्के आली. न उगवलेल्यांत बहुतेक मृत होत्या आणि विकृत रोपंही बरीच होती. झोपलेली जवळपास एकही नव्हती. बी झोपलंय असं धरून त्याला जागं करायच्या प्रक्रियेवर मी अख्खं सेमिस्टर घालवणार होतो. ते वाचलं. मामा आता दर मे महिन्यात बारदाना भिजवतो आणि फोन करून आकडा सांगतो. मी विचारतो, “न उगवलेल्या दाबून पाहिल्या का?” तो म्हणतो, “पाह्यल्या बाप्पा, पाह्यल्या!”