बरणीतला ‘कवड्या’

मागच्या पावसाळ्यात मूलकडचा एक मुलगा काचेच्या बरणीत साप घेऊन थेट दवाखान्यात आला. “कवड्या आहे जी डॉक्टरसाहेब, बिनविषारी. घरीच पाळतो.” अमेरिकेत हॉगनोज जातीचे साप हौसेने पाळतात, ते त्याने मोबाइलवर पाहिले होते.

बरणी उजेडात धरली आणि माझाच घसा कोरडा पडला. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. इथे मान कोरी, शेपटीकडे पट्टे ठळक, पाठीच्या मध्यावर मोठे षट्‌कोनी खवले. मण्यार! तोंडाला नुसते फडके बांधलेले. रात्री बरणी कुठे असते? “खाटेखाली जी. बाजूलाच खाली बहीण झोपते.”

मण्यार बहुधा रात्री झोपेत चावते. ना दुखत, ना सूज येत. पहाटे पोटात कळा, मग पापण्या मिटू लागतात, शेवटी श्वास अडतो. अशा रोग्याला मांत्रिकाकडे न नेता ताबडतोब सरकारी रुग्णालयात न्यावे. प्रतिविष तर लागतेच, कधी कृत्रिम श्वासही.

“हेमलकशाला प्रकाशभाऊंनी पाळले ना जी?” मुलगा म्हणाला. अरे, ते वन्यप्राण्यांचे अनाथालय, रीतसर परवानगीचे! रानातला साप घरी पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याची मुभा नाही. संध्याकाळी वनखात्याचा माणूस येऊन बरणी घेऊन गेला.