शंभर मीटरची रेघ आणि अडीचशे रुपयांचा दंड

मतदानाच्या आदल्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मतदान पथक आपल्या गावच्या शाळेत येऊन पोहोचते. केंद्राध्यक्ष बहुधा कोठल्या तरी दुसऱ्या गावचा शिक्षक असतो, नाहीतर पाटबंधारे किंवा महसूल खात्यातील कारकून. यंत्रे, शाई, याद्या आणि पाकिटे यांची मोजदाद झाली की आणखी एक काम उरते. शाळेपासून शंभर मीटरचे अंतर मोजावयाचे आणि तेथे चुन्याच्या फक्कीने आडवी रेघ ओढावयाची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रेघेच्या पलीकडे पक्षांची टेबले मांडली जातात, कार्यकर्त्यांचे घोळके जमतात, मोटारसायकली ये-जा करू लागतात. रेघेच्या अलीकडे मात्र मतदाराने कोणाचीही विनवणी न ऐकता चालत जावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३० व्या कलमात ही अपेक्षा नमूद केलेली आहे. ज्या दिवशी मतदान असेल त्या दिवशी मतदान केंद्रात, अथवा केंद्रापासून शंभर मीटरच्या आतील कोणत्याही सार्वजनिक वा खासगी जागेत, मतांसाठी प्रचार करता येत नाही. एखाद्या मतदाराकडे मत मागता येत नाही. अमुक उमेदवाराला मत देऊ नका, असे सांगता येत नाही. मतदानच करू नका, असेही सांगता येत नाही. शासकीय सूचनेखेरीज निवडणुकीसंबंधीची कोणतीही पाटी किंवा खूण तेथे प्रदर्शित करता येत नाही. या कलमातील ‘खासगी’ हा शब्द बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. शाळेसमोरच्या इमारतीतील एखाद्या गृहस्थाने स्वतःच्या मालकीच्या सज्जात महिनाभर लावलेला पक्षाचा झेंडा मतदानाच्या आदल्या रात्रीपर्यंत केवळ त्याच्या मताचे प्रदर्शन असतो. मतदानाचा दिवस उजाडताच तो दखलपात्र गुन्हा ठरू शकतो. अलीकडे मुंबई, ठाणे, पुणे येथील मोठ्या गृहनिर्माण संस्थांच्या आवारातच मतदान केंद्रे उघडू लागल्यापासून या शब्दाला अधिकच अर्थ प्राप्त झाला आहे.

या निर्बंधाचे मूळ गुप्त मतदानात आहे. मत गुप्त राहावे म्हणून आडोसा उभारावयाचा आणि त्या आडोशाच्या तोंडाशी मात्र मतदाराला चार जणांनी घेरावयाचे, हे दोन्ही एकत्र नांदू शकत नाही. आपल्या देशात त्याला आणखी एक कारण आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी होती व तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. अक्षरशत्रू मतदाराने चिन्ह ओळखावे आणि आपली मतपत्रिका त्या पेटीत टाकावी, अशी ती योजना होती. पुढे पेट्या गेल्या, मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली, नंतर यंत्रे आली. चिन्ह मात्र टिकून राहिले. म्हणजे आपल्याकडे चिन्ह ही नुसती शोभेची वस्तू नव्हे, तर मतदानाची ती भाषाच आहे. केंद्राच्या वाटेवर चिन्ह दाखवणे हे परीक्षेच्या वर्गाबाहेर उत्तर लिहिलेली पाटी धरण्यासारखे आहे.

सर्वच लोकशाही देश इतके सोवळे पाळतात असे नव्हे. ब्रिटनमध्ये मतदानाच्या दिवशीही प्रचार चालू असतो आणि मतदान केंद्राच्या दाराबाहेर पक्षाच्या रंगाची फुले छातीला लावलेले कार्यकर्ते मतदारांची नोंद घेत उभे राहतात. तेथे त्यात कोणाला वावगे वाटत नाही. अमेरिकेत टेनेसी राज्याने आखलेली शंभर फुटांची मर्यादा भाषणस्वातंत्र्याच्या कसोटीवर सर्वोच्च न्यायालयापुढे गेली व १९९२ मध्ये ती टिकली. परंतु मतदान केंद्रात ‘राजकीय’ कपडे घालून येण्यावर मिनेसोटा राज्याने घातलेली बंदी, त्या शब्दाचा अर्थच निश्चित नाही या कारणास्तव, त्याच न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली. आपली मर्यादा टेनेसीच्या तिपटीहून मोठी आहे. ती तशी असणे गैर नाही, कारण ब्रिटनमधील मतदाराला दाराबाहेरच्या कार्यकर्त्याकडे दुसऱ्या दिवशी मजुरीसाठी जावे लागत नाही.

मिनेसोटाचा प्रश्न आपल्यालाही सुटलेला नाही. ‘खूण’ म्हणजे नेमके काय? पक्षाचे नाव छापलेली टोपी किंवा चिन्हाचे उपरणे यांबद्दल वाद नाही. ती रेघेबाहेर काढून ठेवावी लागतात. निव्वळ भगव्या, निळ्या वा हिरव्या रंगाच्या उपरण्याचे काय? सातारा-सांगलीकडच्या म्हाताऱ्याच्या डोक्यावरील पांढरी टोपी एके काळी पक्षाची होती, आज ती फक्त त्याच्या वयाची राहिली आहे. हा विवेक केंद्राध्यक्षाने दारात उभे राहून क्षणार्धात करावयाचा असतो. निवडणुकीशी संबंध असलेल्या पुढाऱ्यांची छायाचित्रे व चिन्हे केंद्राच्या इमारतीतून काढावी वा झाकावी, अशीही त्याला सूचना असते. जानेवारी २०१२ मध्ये उत्तर प्रदेशातील निवडणुकीच्या वेळी आयोगाने उद्यानांतील दगडी हत्ती कापडाने झाकविले होते, ते या तर्काचे टोक होते. तो तर्क शेवटपर्यंत नेला तर मोठीच पंचाईत होईल. घड्याळ हे महाराष्ट्रातील एका पक्षाचे चिन्ह आहे आणि मतदानाची वेळ संपली हे पाहण्यासाठी केंद्राध्यक्षाला घड्याळ तर हवेच. हात हे दुसऱ्या पक्षाचे चिन्ह आहे आणि शाई लावण्यासाठी तोच पुढे करावा लागतो!

मोठ्यांच्या बाबतीत या रेघेचा अर्थ लावणे अधिकच कठीण होते. ३० एप्रिल २०१४ रोजी नरेंद्र मोदी यांनी अहमदाबाद येथे मतदान करून बाहेर आल्यावर कमळाचे चिन्ह हाती धरून वार्ताहरांशी संवाद साधला, तेव्हा आयोगाने त्याच दिवशी गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. तो दिला मात्र शेवटच्या अठ्ठेचाळीस तासांतील प्रचारासंबंधीच्या १२६ व्या कलमाखाली. पुढे पोलीस तपासात गुन्हा झाला नसल्याचा निष्कर्ष निघाला. त्याच निवडणुकीत अमेठी येथे राहुल गांधी मतदान कक्षाजवळ गेल्याची तक्रार झाली. तीतही आयोगाला नियमभंग आढळला नाही. दोन्ही निर्णय कायद्याच्या दृष्टीने योग्यच असतील. परंतु खेड्यातील केंद्राध्यक्षाने स्थानिक पुढाऱ्याच्या गळ्यातील उपरणे काढावयास सांगण्यापूर्वी अशी उदाहरणे त्याच्या मनात आली नाहीत तरच नवल.

खरा प्रश्न मात्र टोपी-उपरण्याचा नाहीच. तो रेघेपलीकडच्या टेबलाचा आहे. मतदार यादीतील भाग व अनुक्रमांक शोधून मतदाराला चिठ्ठी लिहून देणे, हा या टेबलाचा जाहीर उद्देश. चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदाची असावी, तिच्यावर उमेदवाराचे नाव, पक्षाचे नाव वा चिन्ह नसावे, टेबलाजवळ गर्दी जमवू नये, खाद्यपदार्थ वाटू नयेत, असे आचारसंहिता सांगते. यातील पांढऱ्या कागदाचा नियम बहुतेक ठिकाणी पाळला जातो, आणि तो पाळल्याने फारसे काही बिघडतही नाही. कारण चिठ्ठी कोणत्या टेबलावरून घेतली हे साऱ्या गावाने पाहिलेले असते. टेबलावरील तरुण यादीवर खुणा करीत असतो: कोण आले, कोण आले नाही. दुपार कलली की उरलेल्या नावांची यादी वाड्या-वस्त्यांवर जाते आणि लोकांना आणण्यासाठी जीपगाड्या सुटतात. मतदारांची अशी फुकट ने-आण करण्यासाठी उमेदवाराने वाहन ठरवणे हा कायद्याने भ्रष्टाचार ठरतो आणि त्यापायी निवडणूकसुद्धा रद्द होऊ शकते. तरीही त्या जीपगाड्या कोणाच्या, हे विचारण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही.

ज्या शेतमजुराला दोन्ही टेबलांवरची माणसे नावाने ओळखतात, त्याने कोणाच्या टेबलाकडे वळावे? एकाकडे वळला तर दुसऱ्याच्या डोळ्यांत भरतो. दोन्हीकडे पाठ फिरवून सरळ गेला तर दोघांच्याही. त्याचे मत यंत्रात गुप्त राहते, पण त्याची वाट गुप्त राहत नाही. शंभर मीटरच्या आत कोणी एक शब्दही बोलले नाही तरी रेघेवर उभ्या असलेल्या माणसाची नजर थेट शाळेच्या पायरीपर्यंत पोहोचते.

अनेक वर्षे ही टेबले केंद्रापासून दोनशे मीटर दूर असावीत असा आयोगाचा दंडक होता. २३ मे २०२५ रोजी आयोगाने तो शिथिल करून टेबले शंभर मीटरच्या रेघेपर्यंत आणण्यास मुभा दिली. या निर्णयाच्या बाजूने बोलण्यासारखे नाही असे नाही. दाट वस्तीच्या शहरात एका केंद्रापासून दोनशे मीटर दूर गेले की दुसऱ्या केंद्राची हद्द सुरू होते. वृद्धांना चिठ्ठीसाठी उलट पावली जावे लागते. शिवाय जुना नियम पुष्कळ ठिकाणी कागदावरच होता. परंतु पाळला जात नाही म्हणून नियमच व्यवहाराजवळ आणून ठेवणे, हे मोडलेल्या कुंपणाच्या जागी गुरांच्या सोयीने नवे कुंपण घालण्यासारखे झाले. पूर्वी रेघ आणि टेबल यांच्यामध्ये शंभर मीटरचा मोकळा पट्टा होता. तेवढ्या पट्ट्यात माणूस कोणाचा नसे. तो पट्टा आता गेला. आयोगाची अधिकृत मतदार चिठ्ठी प्रत्येक घरी वेळेवर पोहोचली तर पक्षांच्या टेबलांची गरजच उरणार नाही. ती चिठ्ठी घरोघर पोहोचविण्याचे कामही पुन्हा शिक्षक आणि अंगणवाडी सेविका यांच्याच माथी येते, हे येथे सांगितले पाहिजे.

अंतर कोठून मोजावयाचे, याचाही विचार झालेला नाही. कायदा ते केंद्रापासून मोजतो, मतदारापासून नव्हे. २० मे २०२४ रोजी मुंबईत लोकसभेच्या मतदानाला उन्हात लांबच लांब रांगा लागल्या. अशी रांग रेघेबाहेर गेली तर तिच्या शेपटाकडील माणसाला १३० व्या कलमाचे संरक्षण उरत नाही, आणि तासन् तास एकाच जागी उभ्या असलेल्या मतदाराहून सोयीचा श्रोता कार्यकर्त्याला कोठे मिळणार? एका केंद्रावरील मतदारांची कमाल संख्या दीड हजारावरून बाराशेवर आणण्याचा आयोगाने २०२५ मध्ये घेतलेला निर्णय या दृष्टीने खरोखर स्वागतार्ह आहे.

आता शिक्षेकडे वळू. १३० वे कलम मोडणाऱ्यास जास्तीत जास्त दंड किती? अडीचशे रुपये. १९५१ साली ही रक्कम प्राथमिक शिक्षकाच्या महिन्याच्या पगाराहून मोठी होती. आज ती टेबलाभोवतीच्या मंडळींच्या एका वेळच्या चहा-नाश्त्याला पुरणार नाही. त्याच कायद्याचे १३४ वे कलम निवडणुकीच्या कामावरील अधिकाऱ्याने योग्य कारणाशिवाय कर्तव्यात कसूर केल्यास त्याला दंड सांगते. तो पाचशे रुपयांपर्यंत आहे. म्हणजे रेघ ओलांडून मते मागणारा अडीचशेचा धनी, आणि त्याच्याकडे काणाडोळा करणारा केंद्राध्यक्ष पाचशेचा. केंद्राध्यक्षाच्या हाती अधिकार मुळीच नाहीत असे नव्हे. केंद्राच्या दारात वा आसपास आरडाओरड करणाऱ्याला, ध्वनिवर्धक लावणाऱ्याला अटक करण्यास तो पोलिसाला १३१ व्या कलमाखाली सांगू शकतो, आणि तसे सांगितल्यावर पोलिसाने अटक केलीच पाहिजे, असे कलमाचे शब्द आहेत. तेथे तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. पण ही तरतूद गोंगाटासाठी आहे. हळू आवाजात, खांद्यावर हात ठेवून, ‘आपल्या माणसाकडे लक्ष असू द्या’ असे म्हणणाऱ्याला ती लागू करणे अवघड. मत मागण्याची आपल्याकडील रीत तर तीच आहे. शिवाय शंभर मीटरचा नियम मोडला एवढ्यावरून निवडणुकीला बाध येत नाही. निकालावर त्याचा ठोस परिणाम झाला हे न्यायालयात सिद्ध करावे लागते. ते कोण सिद्ध करणार?

दरम्यान प्रचारच रेघेच्या वरून उडून जाऊ लागला आहे. रांगेतील मतदाराच्या खिशातील दूरध्वनीवर शेवटच्या क्षणी संदेश येतो, त्याला कोणती फक्की अडवणार? १२६ वे कलम शेवटच्या अठ्ठेचाळीस तासांत सभा, मिरवणुका, चित्रपट व दूरचित्रवाणीवरील प्रचार यांना मनाई करते व त्याबद्दल दोन वर्षांपर्यंत कैद सांगते; पण ते ज्या काळी घडले त्या काळाच्या साधनांचे आहे. समाजमाध्यमांच्या कंपन्यांनी मार्च २०१९ मध्ये आयोगापुढे एक स्वेच्छासंहिता ठेवली व या कलमाच्या भंगाची सूचना मिळाल्यास तीन तासांच्या आत कारवाई करण्याचे कबूल केले. मतदानाच्या दिवशी तीन तासांत केंद्रावर किती माणसे मत देऊन जातात, याचा हिशेब कोणत्याही मतदान अधिकाऱ्याला तोंडपाठ असतो. वृत्तपत्रे तर या कलमात नाहीतच. मतदानाच्या दिवशीच्या अंकात पानभर जाहिरात छापून येऊ शकते, फक्त ती आधी तपासून घ्यावी लागते. दूरचित्रवाणीला जे निषिद्ध ते वृत्तपत्रांना का असू नये, याचे समाधानकारक उत्तर वृत्तपत्रांपाशीही नाही. दूरध्वनीच्या बाबतीत आयोगाने २०२५ पासून शंभर मीटरच्या आत तो बंद ठेवण्याची आणि दाराशी खणांच्या पेटीत वा तागाच्या पिशवीत जमा करण्याची सोय केली, हे त्यातल्या त्यात बरे.

दंडाची रक्कम वाढविण्यासाठी संसदेला एका ओळीची दुरुस्ती पुरेशी आहे. टेबले पुन्हा दोनशे मीटरवर नेण्यासाठी तेवढेही लागत नाही; आयोगाचे एक परिपत्रक भागते. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक केंद्रे होती. तेवढ्या ठिकाणी रेघेवर निराळा पोलीस उभा करणे अवघड आहे, हे मान्य. परंतु रेघेवरील नियमभंगाची नोंद केंद्राध्यक्षाऐवजी बाहेरून फिरत येणाऱ्या क्षेत्रीय अधिकाऱ्याने आपल्या नावाने करावी, एवढी व्यवस्था सहज होण्यासारखी आहे. कारण केंद्राध्यक्ष दुसऱ्या गावचा असला तरी मोकळा नसतो. निवडणूक आटोपल्यावर बदलीचा अर्ज, शाळेच्या छपराचा निधी आणि पोषण आहाराची तपासणी यांसाठी त्याला पंचायत समितीच्या ज्या कचेरीत खेपा घालाव्या लागतात, तेथील खुर्च्यांवर रेघेपलीकडच्या टेबलाभोवती असतात तशीच माणसे बसलेली असतात.