समुद्रांतील माशांची मोजदाद

समुद्रांतील मासे मोजावयाचे कसे? जाळ्यांत आलेल्या माशांवरून अंदाज बांधणें सोपें, पण फसवें असतें. कॅनडांतील न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचें उदाहरण पाहा. मासे घटले तसे उरलेले थोड्या जागीं एकवटले. मच्छीमार जहाजें नेमकीं तेथेंच जात. त्यामुळें त्यांचीं जाळीं भरत राहिलीं आणि साठा होता त्याहून मोठा भासला. संशोधकांचें जहाज मात्र चिठ्ठ्या टाकाव्या तशा निवडलेल्या ठिकाणीं, मासे असोत वा नसोत, जाळें ओढी. त्याचे आंकडे उतरत होते. त्यांना पुरेसें महत्त्व मिळालें नाहीं. अखेर १९९२ सालीं मासेमारीवर बंदी आली. हजारों कुटुंबांचा रोजगार बुडाला. ती उठावयास २०२४ साल उजाडलें. म्हणून भरलेल्या जाळ्याइतकेंच रिकामें जाळेंही वहींत नोंदविलें पाहिजे.